मक्रणपूर परिषद सांगायची तर शिवनेच्या काठावर

30 डिसेंबर 1938 ही मक्रणपूर परिषदेची, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत भरलेल्या दलितांच्या परिषदेची, तारीख आपल्याकडच्या पुष्कळ शिक्षकांना पाठ असते. पण परिषद मराठवाड्यातल्या कन्नडला न भरता मक्रणपूरला का भरली, हे क्वचितच सांगितलं जातं, आणि खरा इतिहास त्या 'का'मध्ये आहे. कन्नड निजामाच्या राज्यात होतं आणि तिथे बाबासाहेबांच्या भाषणाला बंदी होती. मक्रणपूर इंग्रजांच्या ताब्यात. मधली शिवना नदी म्हणजे हद्द. परिषदेचे आयोजक भाऊसाहेब मोरे यांनी ती पलीकडे घेतली आणि पोलिसांची मनाई असतानाही लोक नदी ओलांडून गेले. 'जय भीम' ही घोषणा भाऊसाहेबांनी दिली ती याच परिषदेत.

म्हणून गावकऱ्यांना हा इतिहास सांगायचा तर सभागृह नको. कन्नडच्या बाजूने सुरुवात करा. या काठावर फक्त बंदी सांगा: कोणाचं राज्य, कशाला मनाई. परिषदेबद्दल अवाक्षर काढू नका. मग चालत पलीकडे जा आणि उरलेलं तिथे सांगा. माणूस स्वतः हद्द ओलांडून आला की 1938 साली लोकांनी काय केलं ते त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एका फेरीला 25 माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की मोकळ्यावर मागच्यांना ऐकू जात नाही आणि तिथे गप्पा सुरू होतात. सोबत 3 बाय 4 फुटांचा नकाशा ठेवा, त्यावर नदी, कन्नड, मक्रणपूर आणि दोन रंगांत दोन राज्यं एवढंच. आजचे तालुके-जिल्हे त्यात घातले की जो तो आपलं गाव शोधत बसतो. चकचकीत फ्लेक्स उन्हात वाचता येत नाही, कापडावर छापून घ्या. खुद्द 30 डिसेंबरला तिथे अभिवादनाचा कार्यक्रम असतो, त्या गर्दीत फेरी जमत नाही. आठवडाभर आधीची सकाळ धरा.

कागद दाखवणार असाल तर सालाची चूक हमखास होते. निजामाच्या दप्तरात फसली सन (महसुली कामकाजाचं साल) असतो आणि तो ऑक्टोबरात बदलतो. फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतो, पण तो फक्त ऑक्टोबर ते डिसेंबरपुरता. जानेवारीपासून 591 मिळवायचे. परिषद फसली 1348 मधली. त्याच फसलीतला मार्चचा कागद 1939 चा असतो, आणि घाईत त्यावर 1938 ची चिठ्ठी लागते. उर्दू कागद अंदाजाने वाचू नका, उर्दू शाळेतल्या शिक्षकाला दाखवा.

चर्चेत कोणीतरी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा विषय काढतंच. तारखा तोंडपाठ हव्यात: विधिमंडळाचा ठराव 27 जुलै 1978, प्रत्यक्ष नाव 14 जानेवारी 1994. साडेपंधरा वर्षं. आणि 1994 ला झाला तो नामविस्तार, 'मराठवाडा' शब्द नावात राहिला. ठरावाला विरोध म्हणून 1978 ला झालेल्या जाळपोळीत ज्यांची घरं गेली त्यांची मुलं आणि ज्यांच्या घरातल्यांनी ती जाळली त्यांचीही मुलं एकाच घोळक्यात उभी असू शकतात. अशा वेळी आपल्या गावातलं नाव जाहीरपणे घेऊ नये. घटना मात्र पूर्ण सांगावी, मऊ करून सांगू नये.

सगळ्यात जपून करायचं काम म्हणजे आठवणी टिपणं. परिषद प्रत्यक्ष पाहिलेली माणसं आता जवळपास उरली नाहीत. मिळतं ते "आमची आजी सांगायची" असं. ते कमी मोलाचं नाही, पण वहीत 'पाहिलेलं' आणि 'ऐकलेलं' असे दोन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर वेगळं करायला गेलं तर ते होत नाही. घरी जाऊन बसा, पंखा बंद करा, मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून उशीवर ठेवा, चटईवर ठेवला तर प्रत्येक हालचालीची खरखर येते. पहिला प्रश्न परिषदेचा नको. "तुमच्याकडचं कोण गेलं होतं, आणि भाकरी कोणी बांधून दिली होती?" असं विचारा, बायका तिथून बोलायला लागतात. लिहून झालं की त्यांच्याच पुढ्यात मोठ्याने वाचून दाखवा आणि ज्या ओळीला त्या नको म्हणतील ती तिथल्या तिथे खोडा.