तीन अक्षरांपायी अडलेली लॅब

त्या बँकेवरून एसटी गेली की माझं तोंड अजूनही आपोआप दुसऱ्या खिडकीकडे वळतं. आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून शिकायची प्रयोगशाळा, उभी करायचं काम माझ्या गळ्यात होतं. अर्ज, निवड, जागा सगळं निभावलं. अडलो एका पासबुकापाशी, आणि अडलो ते पाच महिने.

ही योजना नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. अनुदान 20 लाखांचं. त्यातले 10 लाख उभारणीला, बाकीचे पाच वर्षांच्या खर्चाला. जागा मात्र 1,500 चौरस फूट हवी. कोकणातल्या कौलारू शाळेत एवढी एकसंध खोली कुठून आणायची? शेवटी ग्रंथालयाचा वाचनकक्ष आणि शेजारचा चित्रकलेचा वर्ग यांच्यामधली भिंत पाडली. ग्रंथपालबाई महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

आता पासबुक. अनुदान येण्याआधी शाळेची पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी निधी ज्यातून खात्यात येतो त्या केंद्राच्या पोर्टलवर, नोंदणी करावी लागते. तिथे टाकलेलं खात्याचं नाव बँकेकडच्या नावाशी जुळलं तरच गाडी पुढे. आम्ही योजनेसाठी स्वतंत्र बचत खातं उघडलं. शाळेचं नाव आधीच लांबलचक, त्यात शेवटी ‘हायस्कूल अँड ज्युनिअर कॉलेज’. बँकेच्या संगणकात तेवढी जागा नव्हती. पासबुकावर छापून आलं ‘ज्युनिअर कॉल’. इंग्रजीतली शेवटची ई, जी, ई ही तीन अक्षरं गायब. काउंटरवरचे क्लार्क हसले, मीही हसलो.

पंधरा दिवसांनी पोर्टलवर शेरा दिसला: बँकेने नाकारलं. बँकेत गेलो. ‘आमच्याकडे सगळं बरोबर आहे सर, तुमच्याकडूनच काहीतरी चुकलंय.’ हेल्पलाइनला फोन केला, तर ‘बँकेत विचारा.’ मग नाव दुरुस्तीचा अर्ज. त्यावर मुख्याध्यापक आणि संस्थेचे सचिव अशा दोन सह्या हव्यात. आमचे सचिव मुंबईत, संस्थेच्या पत्त्यावर गावात राहतं ते फक्त त्यांचं बंद घर. कुरिअरने अर्ज पाठवला. सही होऊन परत आला, पण शिक्का पुसट, म्हणून बँकेने तो घेतला नाही. सचिव आता येणार गणपतीला. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाईल काखेत घेऊन त्यांच्या ओटीवर हजर. आतून आरतीचा आवाज, बाहेर मी स्टॅम्प पॅड सांभाळत उभा. सही झाली, वर दोन मोदकही मिळाले. अर्ज घेऊन गेलो तर जुन्या साहेबांची बदली झालेली. नव्या साहेबांना संस्थेचा ठराव हवा, पॅन हवं, पहिल्यापासून सगळं हवं. तेही दिलं. नवीन पासबुक हातात आलं. ते उघडलं, आत ‘कॉल’.

त्या दिवशी मी काउंटरवर आवाज चढवला. चढवायला नको होता. त्या मुलाच्या हातात तरी काय होतं?

सुटका केली ती शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेच्या लिपिकाने, फोनवर. ‘सर, फॉर्ममध्ये बँकेनुसार नाव असा वेगळा रकाना असतो. त्यात काय भरलंत?’ म्हटलं, शाळेचं पूर्ण नाव. ‘मग कसं जुळेल? पासबुकात आहे तस्सं भरा. चुकीसकट.’ बावीस वर्षं मुलांच्या वह्यांतली स्पेलिंगं सुधारणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने ‘कॉल’ टाइप केलं. चौथ्या दिवशी मंजूर.

तेव्हा खातं उघडतानाच काउंटरवर विचारून घ्या की नावाला किती अक्षरांची जागा आहे. दुसरी सही शक्यतो गावात राहणाऱ्या पदाधिकाऱ्याची ठेवा.

खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण खरेदीची यादी करण्याआधी पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघून या. डॉ. कलबागांनी 1983 साली उभा केलेला. हाताने करत शिकणं म्हणजे काय, ते तिथे दिसतं. मी गेलो नसतो तर 10 लाखांचे नुसते रोबो आणले असते. गेलो म्हणून करवती, पक्कड, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन यांना पैसे उरले.

आणखी एक, डेडस्टॉक रजिस्टरबद्दल, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीबद्दल. एलईडी, जंपर वायर, ब्रेडबोर्ड त्यात चढवू नका, खर्ची पडणाऱ्या वस्तूंचं वेगळं रजिस्टर करा. आमच्याकडे पहिल्या महिन्यात जळलेला एकेक एलईडी डबीत जपून ठेवला होता, तपासणीला दाखवायला! आणि पावसाळा. थ्री-डी प्रिंटर ज्यातून वस्तू छापतो ती पीएलए प्लास्टिकची तार दमट हवेत पाणी पिते, मग छापताना तडतडते, नाहीतर काडीसारखी मोडते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

आमच्या प्रिंटरने काढलेली पहिली कामाची वस्तू म्हणजे ग्रंथालयातल्या पंख्याच्या रेग्युलेटरची खुंटी. ती कधीची तुटलेली होती, बाई पकडीने पंखा कमी-जास्त करायच्या. नववीतल्या दोघींनी व्हर्नियरने माप घेतलं. पहिली खुंटी सैल झाली, दुसरी चढेचना, तिसरी खटकन बसली. बाईंनी पंखा पाचवर नेला, परत दोनवर आणला, पुन्हा पाचवर. पक्कड मात्र अजून त्यांच्या ड्रॉवरमध्येच आहे.