लॉन रोडवरची चाळ

आमच्या सोसायटीत उघडी गॅलरी राहिलेले घर आता एकच आहे आणि ते माझे आहे. बाकी सर्वांनी आपापल्या गॅलऱ्या आत घेतल्या. कोणी तेथे मुलाचे अभ्यासाचे टेबल ठेवले, कोणी वॉशिंग मशीन, एकांनी तर देवघरच नेले. परवा दुपारी वरच्या मजल्याचे माप घ्यायला आलेला फॅब्रिकेशनवाला माझ्याही दारात उभा राहिला आणि "ताई, तुमचेही सोबतच करून टाकू, रेट कमी लावतो," असे म्हणाला. त्याला नको म्हणून आत वळले, तर आर्किटेक्चर शिकणारी माझी भाची सबमिशनसाठी लॅपटॉपवर एक फोटो पाहत बसली होती. पांढरीशुभ्र इमारत, मजल्यामागून मजला लांबच लांब गॅलऱ्या, टोकाला जिना आणि गॅलरीवर ओळीने उघडणारी दारे. मी विचारले, "ही कुठली गं चाळ?"

भाचीला हे फार लागले. "मावशी, ही आयसोकॉन आहे. लंडनची. ग्रेड वन लिस्टेड." संरक्षित वास्तूंची तिकडची ही सर्वांत वरची श्रेणी, 1974 मध्ये इमारत यादीत आली आणि 1999 मध्ये या श्रेणीत चढली. माझे मत मात्र बदललेले नाही. गॅलरीतून ज्या घरात शिरायचे, ते घर चाळीतले.

पुढचा सगळा वेळ मी तिच्या सबमिशनमध्ये लुडबुड करण्यात घालवला. हॅम्पस्टेड भागातील लॉन रोडवर ही इमारत 1934 च्या जुलैमध्ये उघडली. वास्तुकार वेल्स कोट्स हा मूळचा इंजिनिअर, कॅनडाच्या मिशनरी आईबापांच्या पोटी टोकियोत जन्मलेला. जपानी घरे पाहत वाढल्यामुळे असेल, पण घरातल्या पसाऱ्याचा त्याला मनस्वी तिटकारा होता. बांधून घेणारे जॅक आणि मॉली प्रिचर्ड हे नवराबायको. तो प्लायवूडच्या धंद्यातला, ती जंतुशास्त्राकडून मानसोपचाराकडे वळलेली डॉक्टर. आणि घरे कशी असावीत याचा आराखडा शब्दांत मांडला तो तिनेच. एकटा राहणारा, नोकरी करणारा, आज येथे तर उद्या तेथे असा माणूस डोळ्यांपुढे ठेवून जेमतेम 25 चौरस मीटरची घरे काढली. पलंग, कपाटे, सरकते टेबल असे सगळे भिंतीतच बसवलेले, त्यामुळे भाडेकरूने फारसे काही आणायचेच नाही. स्वयंपाकघर म्हणजे एक कोनाडा. खरा स्वयंपाक तळमजल्यावरच्या सामाईक मुदपाकखान्यात व्हायचा आणि जेवण छोट्या लिफ्टने वर चढायचे. बूट पॉलिश, कपडे धुणे, अंथरूण घालणे यांचीही सोय होती.

1929 साली युरोपातल्या आधुनिक वास्तुकारांनी फ्रँकफुर्टमध्ये परिषद भरवून माणसाला राहायला कमीत कमी किती जागा लागते यावर खल केला होता. जुन्या नाशकातल्या कोणत्याही वाड्यातल्या बिऱ्हाडकरूला विचारले असते, तर त्याने उभ्या उभ्या उत्तर दिले असते.

आमचे बिऱ्हाड तिवंध्याजवळच्या एका वाड्यात वरच्या मजल्यावर होते. चौकाभोवती फिरणारी लाकडी गॅलरी, सागवानी खांब, आणि हाताच्या तेलाने काळा झालेला, सतत ओठंगून गुळगुळीत पडलेला कठडा. त्या गॅलरीला जाण्यायेण्याची वाट असे कोणी समजतच नसे. तेथे तांदूळ निवडले जायचे, उन्हाळ्यात कुरडया वाळायच्या, आजारातून उठलेल्या माणसाची खाट पडायची, आणि परीक्षेचा निकाल आधी गॅलरीला व मग आईला कळायचा. पावसाळ्यात गोदेला पूर आला की कोणीतरी धावत जिना चढून "दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागले" असे सांगायचे आणि मग साऱ्या बिऱ्हाडांची बायकामाणसे कठड्याशी जमून, आता नारोशंकराच्या घंटेपर्यंत चढते की नाही, यावर वाद घालायची. पूर आमच्या गॅलरीतून दिसत नसे. कोणाचे त्यावाचून अडतही नसे.

आयसोकॉनच्या गॅलऱ्या याहून फार देखण्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. खालून एकाही खांबाचा टेकू न घेता त्या काँक्रीटच्या भिंतीतून सरळ बाहेर निघतात. आतला अंधारा बोळ वाचतो, दार मोकळ्या हवेत उघडते आणि राहण्याच्या खोलीची खिडकी मागच्या झाडांकडे तोंड करून बसते. ज्या इमारतीला संपूर्ण जहाजासारखे रूप आहे, फक्त धुराडी नाहीत, असे अगाथा ख्रिस्तीला वाटले, तिच्यात ती स्वतः 1941 पासून काही वर्षे राहिली. जर्मनीतून परागंदा झालेले ग्रोपियस, ब्रॉयर, मोहोली-नॉज हे बाउहाउस या जर्मन कलाशाळेचे तिघेही त्याआधी तेथे राहून गेले. या कौतुकात एक मोडता आहे, आणि मला तो विशेष प्रिय आहे: 1946 मध्ये 'होरायझन' मासिकाच्या कुरूप इमारतींच्या स्पर्धेत हिला दुसरा क्रमांक मिळाला होता.

परंतु मला खरे नवल वाटले ते हेरांचे. पुढे ब्रिटिश गुप्तचर खात्यात राहून मॉस्कोला गुपिते पुरवणाऱ्या किम फिल्बीला 1934 मध्ये सोव्हिएत हेरखात्यात ओढणारा ऑस्ट्रियन अर्नोल्ड डॉइच याच इमारतीत राहत होता, आणि तो एकटा नव्हता. ज्या घराचे दार उघड्या गॅलरीवर, आणि गॅलरी सरळ रस्त्यावर, तेथे हेरगिरी जमलीच कशी? आमच्या वाड्यात आत्याला पाहायला येणारी मंडळी रविवार कारंज्यावर टांग्यातून उतरत नाहीत तोच त्यांच्या मुलाचा पगार वाड्याला ठाऊक असे. डॉइच तिवंध्याला राहिला असता, तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्याला भाजी कोणती आणली म्हणून विचारले असते आणि मॉस्कोला दुसरा माणूस शोधावा लागला असता.

याचे कारण मला फोटोतच दिसले. गॅलरीत कोणी थांबलेले नाही. थांबायचे कशाला? निवडायला तांदूळ नाहीत, वाळवायला काही नाही, धुणे खाली जाते, जेवण खालून येते. कोट्सने माणसाची कामे काढून घेतली आणि त्यांच्याबरोबर दाराशी उभे राहायची निमित्तेही गेली. पुढे 1937 मध्ये तळमजल्यावर ब्रॉयरकडून 'आयसोबार' नावाचे उपाहारगृह सजवून घ्यावे लागले आणि तेथे मात्र मंडळी रमू लागली.

असे लिहिले की वाडा म्हणजे स्वर्ग वाटू लागतो, म्हणून काकूबद्दल सांगायला हवे. आमच्या काकूला त्या गॅलरीने कधी सुख दिले नाही. तिचे रडणे, तिचे बाळंतपण, माहेरून आलेले पत्र, सगळे कठड्यावर मांडलेले. लावून घेता येईल असे एक दार मिळावे, एवढीच तिची मागणी होती. सकाळी चहापासून रात्री ओट्यापर्यंत तिचा दिवस कसा जायचा हे आठवले, की ज्या इमारतीत बाईच्या वाट्याला स्वयंपाकघराचा फक्त कोनाडा येतो, तिला मी नावे ठेवू धजत नाही. मॉली प्रिचर्डला जे कळले होते ते आमच्या वाड्यात काकूखेरीज कोणाला कळले नाही, आणि काकूला विचारणारे कोणी नव्हते.

वाडा आता नाही. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींना महापालिकेच्या नोटिसा लागतात, तशी एक त्याला लागली, वाटण्यांचे भांडण चालूच होते, आणि मधला खण एका रात्री खाली आला. आयसोकॉनचीही हीच गत व्हायची होती. कौन्सिलच्या ताब्यात गेल्यावर तिची रया गेली, काँक्रीट फुटले, घरे रिकामी पडली. मग 2004 मध्ये अवांती आर्किटेक्ट्स या संस्थेने ती पुन्हा उभी केली, बरीचशी घरे शिक्षक, नर्स अशा नोकरदारांना मिळाली आणि पुढे जुन्या गॅरेजमध्ये छोटे संग्रहालय झाले. मुंबईतल्या बीडीडी चाळी तिच्याहून दहाएक वर्षांनी थोरल्या, त्याही काँक्रीटच्याच. 207 इमारती, 160 चौरस फुटांच्या खोल्या. त्या पाडून टॉवर उठत आहेत. तेथल्या माणसांना मोठी घरे मिळत आहेत, तेव्हा मी कोणत्या तोंडाने हळहळू?

भाचीच्या मनात पुढच्या शिक्षणासाठी लंडनला जायचे आहे. गेलीच तर लॉन रोडला ती जाणारच. मी तिला एकच काम सांगून ठेवले आहे: कठड्यावर कोणाचा टॉवेल वाळत घातलेला दिसतो का, तेवढे पाहून ये. ती म्हणते, संरक्षित वास्तूत परवानगी नसेल.