मोहरीची उशी

तिसरा डोस, दुसरी रात्र. पहाटेचे ३ वाजून गेलेत.

झोप नाहीये. येणार नाही हे माहीत होतं, ब्रेस्ट कॅन्सरच्या केमोबरोबर जे स्टेरॉइड देतात त्याने पहिल्या दोन-तीन रात्री अशाच जातात, अंगात उठून बसायचं त्राण नसतं आणि डोकं मात्र फास्ट लोकलसारखं स्टेशनं सोडत पळत असतं. पहिल्या डोसला वाटलं मी घाबरलेय म्हणून, दुसऱ्याला कळलं की हे गोळ्यांचं काम आहे, आता तिसऱ्याला मी तयारीनेच बसलेय. वही, चष्मा, आणि तांब्याभर मीठ-सोड्याचं पाणी. जागी आहे तोवर दर दोन-तीन तासांनी गुळणी, तोंड येऊ नये म्हणून. मागच्या वेळी आलं होतं तेव्हा साधं पाणीही ठेच्यासारखं झोंबत होतं.

काल लाल औषध झालं. नाव ॲड्रियामायसिन, पण वॉर्डात सगळे लालवालंच म्हणतात. बाकीचं सलाइनमधून आपलं आपण जातं, हे मात्र सिस्टर शेजारी बसून मोठ्या सिरिंजने हळूहळू ढकलते कारण शिरेच्या बाहेर गेलं तर आतलं मांस जाळतं, आणि ती ढकलत असते तोवर मी बर्फाचे खडे चघळत असते. रंग अगदी कोकमाच्या आगळाचा. आमच्या घरात वर्षभर पुरेल एवढं आगळ गावाहून येतं, त्या बाटल्या मी आईंना (सासूबाई, पण मी आईच म्हणते) कपाटाच्या मागे टाकायला लावल्यात. घरी आल्यावर लघवीपण लाल होते, आधी कोणी सांगितलं नसतं तर पहिल्या दिवशी मी बाथरूममध्येच आडवी झाले असते.

तर माझा महिना आता २१ दिवसांचा आहे. पहिला आठवडा मळमळ आणि पडून राहणं, दुसरा आठवडा पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात म्हणून घरात कैद, आणि तिसरा माझा. बँकेची कामं, ऑफिसचे राहिलेले मेल, नखं कापणं, पोराचा अभ्यास घेणं, सगळं त्या सात दिवसांत कोंबायचं. भांडणंसुद्धा मी तिसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवते. पहिल्या आठवड्यात भांडायला लागले की समोरचा लगेच ऐकून घेतो, त्यात काही मजा नाही.

असे चार डोस, मग दुसरं औषध दर आठवड्याला, असे बारा, मग रेडिएशन. हिशोब मी कॅलेंडरवर केला होता, पुढच्या वर्षाचं कॅलेंडर लागलं तेव्हा सोडून दिला.

वासाचं लिहायचं राहिलंच. आमच्याकडे ऑगस्टपासून फोडणी बंद आहे. पहिल्या डोसनंतर तिसऱ्या दिवशी आईंनी नेहमीसारखी डाळीला फोडणी घातली, मोहरी, हिंग, कढीपत्ता, लसूण, जो वास गेली वीस वर्षं मला भूक लावत आला, आणि मी बेडरूममधून धावत जाऊन बेसिन गाठलं. त्या बाहेर उभ्या होत्या हातात सांडशी घेऊन. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून डाळ नुसती शिजवलेली, वर तूप आणि मीठ. बांगडे तळणं तर सोडाच. भांडुपला मालवणी घरात बांगडा तळला जात नाही म्हणजे काय हे आमच्यातल्या माणसालाच कळेल. पोरगा समोरच्या काकूंकडे जाऊन जेवून येतो, हात साबणाने दोनदा धुतो आणि मला सांगतो की चिप्स खाल्ले. मला वास कळतो रे बाबा. सध्या मला सगळ्या मजल्याचा वास कळतो, कोणाकडे कुकर लागला आणि कोणाकडे फिनेल ओतलं ते.

आणि गंमत म्हणजे ज्या मोहरीला घरात फोडणीत बंदी, ती मोहरी रोज माझ्या ब्लाउजमध्ये असते.

म्हणजे झालं असं की जुलैत छातीची डावी बाजू काढली. टाके भरेपर्यंत आत कापूसच ठेवायचा असं सांगितलं होतं. कापसाला वजन नसतं, त्यामुळे चालता चालता तो वर सरकत गळ्याशी येतो, एकदा लिफ्टमध्ये आरशात बघितलं तर माझी एक बाजू जागेवर आणि दुसरी खांद्याकडे निघालेली. सिलिकॉनचा मिळतो, त्याची चौकशी केली आणि भाव ऐकून फोन ठेवला. हे सगळं मी नवऱ्याला हळू आवाजात सांगत होते, पण आमच्या वन बीएचकेमध्ये हळू आवाज असं काही नसतं. आईंनी दोन दिवसांनी एक पुरचुंडी आणून दिली. जुन्या मऊ सुती साडीचं कापड, वरून बारीक टीप, आत मोहरी. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी करतात ना, तशीच. पोरगा झाला तेव्हाही त्यांनीच केली होती. म्हणाल्या, "वजन बघ गो बरोबर आहे का, नायतर मूठभर काढते." किचनमधल्या काट्यावर त्यांनी वजन करून बघितलं असणार, मी विचारलं नाही. ब्राला आतून खिसा पण शिवून दिला.

बसते अगदी बरोबर. अंगाच्या गरमीने थोड्या वेळात कोमट होते, मी वळले की जराशी वळते. फक्त एकच, रात्री कुशीवर झालं की बारीक करकर आवाज येतो, वाळूवर कोणी चालल्यासारखा. आता काढून उशाशी ठेवलीये.

दिवस ५

हाडं दुखतायत. डोसनंतर पोटात जे इंजेक्शन देतात पांढऱ्या पेशी वाढवायला, त्याचा हा प्रसाद. कंबर आणि मांड्या आतून कोणी तरी ठोकतंय. दिवसभर लोळले. ऑफिसच्या ग्रुपवर ऑक्टोबर म्हणून गुलाबी रिबनचे फोटो, शुक्रवारी सगळ्यांनी गुलाबी घालून यायचं ठरलंय. एचआरने मला वेगळा मेसेज केला, "यू आर अ फायटर." लढणारी कसली, मी सकाळपासून अर्धं केळं खाल्लंय आणि त्याचाही पश्चात्ताप होतोय. रागावण्यासारखं काही नाही, मुलगी चांगली आहे. पण शूर म्हटलं की मग कुरकुर करायची सोय राहत नाही.

दिवस ६

परत जाग. फोनवर वाचत बसले, वाचू नये असं सगळेच सांगतात. पण एक गोष्ट चांगली सापडली. टाटा मेमोरियलच्या लोकांनी १९९८ साली मुंबईतल्या वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला, ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायका, त्यातल्या अर्ध्यांची दर दोन वर्षांनी छातीची तपासणी. मॅमोग्राफी वगैरे काही नाही, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका हाताने तपासायच्या. तेवीस वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल छापून आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. नुसत्या हाताने! पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. मी ४६ ची. म्हणजे मी त्या चांगल्या आकड्यात बसत नाही, पण तरी तो आकडा वाचून मला बरं वाटलं, का ते माहीत नाही, बहुतेक आईंसाठी. त्यांना सकाळी सांगितलं, तुम्ही पण एकदा दाखवून या. "माझं आता काय रवलंय तपासूक" म्हणाल्या. बघू, हे भांडण तिसऱ्या आठवड्यात घेते.

मी माझी गाठ स्वतःच शोधली होती, आंघोळ करताना, साबणाचा हात फिरला आणि थांबला. मार्च. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नसेल, असं ठरवून मी पोराची परीक्षा, मग गावची जत्रा, मग एका लग्नाचं आमंत्रण असं करत अडीच महिने काढले. दुखत असती तर दुसऱ्या दिवशी गेले असते. हे मी कोणाशी बोलत नाही, नवऱ्याशीही नाही, इथे लिहितेय. गाठ बहुतेक वेळा दुखत नाहीच, हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी मान डोलावली, जणू माहीतच होतं.

दिवस ९

संध्याकाळी ताप ९९.८. सात वाजता १००.१. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलंय, १००.४ झाला की वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सी, मध्यरात्र असली तरी. पेशी खाली असताना साधं इन्फेक्शनही रात्रीत गळा धरतं. बॅग तयारच असते, नवऱ्याने पँट घालून ठेवली, पोरगा मधल्या खोलीत अभ्यास करतोय असं दाखवत एकच पान उघडून बसला होता. क्रोसिन घ्यायची नाही आधी, ताप लपतो. आम्ही चौघं थर्मामीटरकडे बघत बसलो, इंडिया-पाकिस्तानची शेवटची ओव्हर असावी तसे. ९ वाजता १००.२. दहाला ९९.६. साडेदहाला आईंनी पेज आणली आणि नवऱ्याने पँट बदलली. कोणी काही बोललं नाही. मी पेज संपवली, चव लोखंडाची, पण संपवली.

दिवस १९

ब्लड टेस्टसाठी परळ. नवऱ्याला सुट्टी नाही, मी म्हटलं मी जाते एकटी, तिसरा आठवडा आहे. भांडुपहून स्लो पकडली, दिव्यांगांच्या डब्यातून. कॅन्सरवाल्यांना त्या डब्यात चालतं हे मलाही आधी माहीत नव्हतं आणि बऱ्याच धडधाकट लोकांना आजही माहीत नाही, जे तिथे बसून आपल्यालाच विचारतात, मॅडम हा डबा कोणता आहे माहिती आहे का. आज विचारलंच एकाने. मी फाइल वर करून दाखवली. कुबडीवाले एक आजोबा होते दारापाशी, त्यांनी त्या माणसाला नुसत्या मानेने उठवला आणि मला म्हणाले, "बस पोरी, डाव्या हाताने दांडा नको धरू." त्यांना कसं कळलं डाव्या हाताचं? मग लक्षात आलं, मी तो पोटाशी धरून उभी होते. काखेतल्या गाठी काढल्यात त्यामुळे त्या हाताला जड पिशवी नाही, बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, नाहीतर हात सुजू शकतो असं सांगितलंय. त्यांच्या घरी कोणी तरी असणार. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, दादर आलं.

नवरात्र चालू आहे. पलीकडच्या लेडीजमधून जांभळ्या साड्यांचा लोंढाच उतरला, केसात गजरे, मोबाइल वर, सेल्फी. मागच्या वर्षी मी त्यातच होते, जांभळी नव्हती म्हणून समोरच्या काकूंकडून आणली होती. आज माझा स्कार्फ करडा. पुढच्या वर्षी केस किती आले असतील याचा हिशोब करत जिना चढले आणि मधेच दम लागला म्हणून हिशोब राहिला.

काउंट चांगले आहेत. म्हणजे चौथा डोस ठरल्या दिवशी, परवा.

दिवस २०

ऑक्टोबर हीट त्यात माझ्या घामाच्या लाटा, पाळी केमोने बंद पडलीये ना. मोहरी दमट होते. आईंनी आज पुरचुंडी उसवून ती ताटात पसरली आणि ग्रिलमध्ये उन्हात ठेवली, कापड धुऊन दोरीवर. समोरच्या काकू दारातून म्हणाल्या, लोणचं घालताय काय ऑक्टोबरात? आई म्हणाल्या, "होय, घालतंय."

संध्याकाळी मी किचनमध्ये जाऊन सांगितलं, आज आमटीला फोडणी द्या. आईंनी वळून बघितलं. उद्या परत लाल आहे, म्हटलं, मग तीन आठवडे कोणालाच मिळणार नाही, पोरगा शेजारी किती दिवस जाणार. त्यांनी कढई ठेवली, तेल तापलं, मसाल्याचा डबा उघडला तर मोहरीची वाटी रिकामी. दोन महिने फोडणीच नाही तर आणणार कोण. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ग्रिलमधल्या ताटाकडे बघितलं.

"घ्या ना त्यातली चमचाभर," मी म्हटलं.

"शी गो! ती तुझी आसा," म्हणाल्या, गॅस बारीक केला, पदर खोचला आणि रिकामी वाटी घेऊन समोरच्या काकूंचं दार वाजवायला गेल्या. पसाभर मोहरी उन्हात पडलेली असताना. काकू आता नक्की काय समजल्या असतील देव जाणे.

फोडणी तडतडली तेव्हा मी हॉलमध्ये पंख्याखाली नाकाला स्कार्फ लावून बसले होते. मळमळलं थोडं. बेसिनपर्यंत नाही गेले. तिघांनी आमटी भुरके मारत खाल्ली, पोराने तिसऱ्यांदा भात घेतला. मी दहीभात. आई मधेच उठून ताट आत घेऊन आल्या, कबुतरं बसतात म्हणून.