सगळा खेळ घडीचा

घरी हाताने भेटकार्ड करायचं ठरलं की लोक आधी चमकी आणतात. चमकी, टिकल्या, लेस, कडेला फुलाफुलांची भोकं पाडणारं ते पंचिंग मशीन, आणि कागद मात्र घरात जो असेल तो, म्हणजे प्रिंटरचा. मला हे अगदी उलटं वाटतं. कार्ड म्हणजे मुळात काय, तर मधोमध घडी घातलेला जाड कागद, बाकी सगळी हौस. घडी सरळ आणि स्वच्छ पडली असेल ना, तर वर हळदीच्या रंगाचा नुसता एक गोल चिकटवला तरी बघत राहावंसं वाटतं, आणि घडी तिरकी गेली असेल तर वर जरदोजी करा नाहीतर मोती जडवा, ते कार्यानुभवाच्या तासाला घाईघाईत उरकलेलं कार्डच दिसणार. (चमकीबद्दल तर बोलायलाच नको, एकदा घरात आली की चार दिवसांनी आमटीत सापडते.)

पुण्यात अप्पा बळवंत चौकात कार्डपेपर मागितला की काउंटरवरचे काका न बघता विचारतात, "ताई, किती जीएसएम?" घाबरून जायचं काही नाही, एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम भरतं एवढाच तो आकडा असतो. प्रिंटरचा कागद ७५-८० चा, त्याचं कार्ड उभं केलं की पाच मिनिटांत मान टाकतं. कार्डाला साधारण २२० ते ३०० लागतो, मला स्वतःला २५० ची आयव्हरी शीट आवडते, उभी राहते आणि दुमडताना हटून पण बसत नाही.

पण जाड कागद आणला की खरी परीक्षा सुरू. तो नुसता हाताने दुमडला की घडीवर खरखरीत तडे जातात, रंगीत गुळगुळीत कागद असेल तर आतला पांढरा रंग बाहेर डोकावतो. याचं कारण असं की मशीनवर कागद होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला निजतात, म्हणजे कापडाला उभा-आडवा धागा असतो ना, तसंच कागदाचंही असतं, फक्त डोळ्याला दिसत नाही. तंतूंच्या दिशेने घडी घातली तर ती निमूट पडते, आडवी घातली तर ते तंतूच मोडायचे असतात. खोटं वाटत असेल तर रद्दीतला पेपर घ्या, वरून खाली फाडा, छान सरळ फाटत जातो, आणि मग डावीकडून उजवीकडे फाडून बघा, कुठच्या कुठे जातो. कार्डशीट फाडून बघायची गरज नाही, दोन्ही बाजूंनी हलकंसं वाकवायचं, जिकडे कमी अडते तिकडची घडी घालायची.

आणि घडी घालायच्या आधी तिची रेघ दाबून घ्यायची. यासाठी बोन फोल्डर नावाचं चपटं हत्यार मिळतं, पूर्वी खरंच हाडाचं करायचे, आता बहुतेक प्लास्टिकचं येतं. नसलं तरी काही अडत नाही, शाई संपलेलं बॉलपेन किंवा विणायची सुई घ्यायची, पट्टी धरायची आणि कागद न फाडता एक खोलगट रेघ ओढायची, की तिच्या मागच्या बाजूला बारीक उंचवटा येतो. आता इथे बहुतेक जण खोलगट बाजू आत घेऊन दुमडतात, दिसायला बरोबरही तेच वाटतं. पण छपाईवाले उलट करतात, उंचवटा आत आणि खोलगट रेघ बाहेर, म्हणजे बाहेरच्या अंगावर ताण कमी येतो आणि घडी फुटत नाही. मग वरून चमच्याची पाठ फिरवली की झालं.

कापायला कटर आणि स्टीलची पट्टी, इथे मात्र काटकसर करू नये. प्लास्टिकच्या पट्टीची कड कटर तासून टाकतं आणि पुढच्या वेळी तुमची सरळ रेघ त्या खाचेत जाऊन वळण घेते. खाली जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेतला तर पुठ्ठ्यावरच्या आधीच्या चिरा पातं ओढून घेतात, म्हणून कटिंग मॅट घ्यायची, ती बरीच वर्षं चालते. आणि जोर लावून एकदा कापण्यापेक्षा हलक्या हाताने दोनदा.

चिकटवायला आपल्याकडे फेविकॉल, दुसरं नावच येत नाही तोंडात. लाकडाला, पुठ्ठ्याला उत्तम, पण त्यात पाणी असतं आणि पाण्याने कागदाचे तंतू फुगतात, म्हणून पातळ कागद वाळल्यावर सुरकुततो. मोठ्या तुकड्याला सरळ डबल टेप लावावी, बारीकसारीक गोष्टींना टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच फेविकॉल.

आता हातकागद. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला कागद मिळतो, त्याची गंमत म्हणजे त्याला ही उभी-आडवी भानगड फारशी नसते, कारण जाळीवर लगदा हाताने हलवताना तंतू जमेल तसे पसरतात. कोणत्याही बाजूने दुमडा, ऐकतो. त्याच्या कडा वेड्यावाकड्या असतात, त्या कृपा करून कापू नका, पैसे त्याचेच दिलेत. शाईचं पेन असेल तर आधी कोपऱ्यात टिंब काढून बघा, काही कागदांवर शाई पसरते.

घडी जमली की सजावटही घडीतूनच काढता येते. दुमडलेल्या कडेपासून आत समान लांबीच्या दोन समांतर चिरा द्यायच्या, मधली पट्टी आत ढकलायची, कार्ड उघडलं की आत एक पायरी उभी, तिच्यावर पतंग चिकटवा, पणती चिकटवा, काहीही. फक्त चीर बंद कार्डाच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी हवी, नाहीतर मिटल्यावर पट्टी बाहेर जीभ काढून बसते. मला हे कुठल्याही विकतच्या स्टिकरपेक्षा भारी वाटतं.

आणि हे सगळं पोस्टाने पाठवायचंय हे विसरू नका. पूर्वी संक्रांतीची लहानशी भेटकार्डं यायची, पाकीट हलवलं की आत हलव्याचे दाणे वाजायचे, निम्मे पीठ झालेले असायचे तरी आम्ही खायचो. साधं तिकीट २० ग्रॅमपर्यंत चालतं. ए-फोरच्या आकाराचा २५० चा अख्खा कागद साडेपंधरा ग्रॅम भरतो, त्यात पाकिटाचे सहा-सात, वर फेविकॉल आणि हलवा, म्हणजे गेलंच वर. निम्म्या कागदाचं केलं तर आरामात बसतं. तिकीट कमी पडलं तर नॉटपेड, ज्याला पाठवलं त्याच्याकडूनच पोस्टमन कमी पडलेल्या पैशांच्या दुप्पट वसूल करणार.

हल्ली तर लोक कार्ड करतात आणि त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. फोटोत पुढची बाजू येते, घडी पण नाही आणि आतलं लिहिलेलं पण नाही. भाचीला मी सांगून ठेवलंय, मला पोस्टानेच पाठव गं, नॉटपेड आलं तर भरीन मी.