बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद
आज एका काकूंच्या घरी गेले होते. मुलाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, भास होणं असा मानसिक आजार. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मोफत मिळतात, पण "आता बरा झालाय ना" म्हणून घरच्यांनी बंद केल्या. परत आवाज ऐकू यायला लागले. बरं वाटतं ते गोळ्यांमुळेच, हे बीपीच्या औषधाचं उदाहरण देऊन समजावलं. आशाताई सोबत होत्या म्हणून पटलं. गावात त्यांच्या शब्दाला फार मान असतो.

काकू स्वतः कशा आहेत, हे मात्र कुणी विचारलंच नव्हतं. खूप वेळ बोलल्या, रडल्या. त्यांच्या फोनमध्ये टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सेव्ह करून दिला. मोफत आहे, चोवीस तास चालू, मराठीतही बोलता येतं. घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्यांनीही जरूर फोन करा. गुरुवारी दोघांना घेऊन ओपीडीत जायचंय.