स्पितीत हिवाळी मुक्काम: जाहिरातीत न लिहिलेलं सगळं

‘महिनाभर स्पितीत राहा, बर्फाकडे बघत काम करा. चोवीस तास वायफाय, गरम पाणी, खोलीत बुखारी.’ नोव्हेंबर उजाडला की पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपांवर अशा जाहिराती फिरायला लागतात. हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातला काझा-किब्बरचा फेब्रुवारीतला मुक्काम नुकताच आटोपला आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: या तीन सोयींपैकी फक्त बुखारी (धूर नळीने बाहेर काढणारी लोखंडी शेगडी) खरी, आणि तीही तुमच्या खोलीत नसते. गावाला पाहुणे हवे आहेत, अगदी मनापासून हवे आहेत. पण घरात पाणी किती, जळण किती, ऊब असलेल्या खोल्या किती, याचा पत्ता शहरात बसून पॅकेज विकणाऱ्याला नसतो. भुर्दंड मात्र घराला आणि पाहुण्याला दोघांनाही बसतो.

आधी रस्ता, कारण सगळ्यात जास्त थापा इथेच मारल्या जातात. मनालीकडून कुंझुम खिंडीचा रस्ता (४,५५१ मीटर) हिवाळ्यात बंदच असतो, साधारण नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला म्हणून आता स्पिती बारमाही झाली, असं कुणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा. बोगदा शेजारच्या लाहौल खोऱ्यात जातो. स्पितीसाठी ग्रांफूपासून पुढे बातल आणि कुंझुम उरतातच, आणि तिकडे हिवाळ्यात कुणी फिरकत नाही. म्हणजे शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, सुमदो, ताबो, काझा हा एकच मार्ग. हा ‘बारा महिने खुला’ असतो याचा खरा अर्थ एवढाच की बर्फ पडल्यावर सीमा सडक संघटनेचे लोक तो पुन्हा उघडतात. केव्हा, ते आभाळ ठरवतं.

पिओ ते सुमदो हा टप्पा या प्रवासातला खरा वैताग आहे. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून रस्ता ‘का’ नावाच्या गावाच्या वळणांनी सरळ नाकोपर्यंत चढतो आणि नाकोपुढे मलिंगचा दरडींचा पट्टा लागतो. इथे दोन संकटं एकमेकांच्या उलट वेळेला येतात. खाबच्या आसपास कड्यावरून दगड सुटतात. रात्री गोठलेलं पाणी दगड धरून ठेवतं आणि ऊन लागलं की सोडतं, म्हणून तो भाग सकाळी लवकर पार करायचा. वरच्या वळणांवर मात्र सकाळी काचेसारखा पारदर्शक बर्फ असतो. डांबर दिसतं आणि गाडी घसरते, म्हणून तिथे ऊन येईपर्यंत थांबायचं. पिओहून सहा-साडेसहाला निघा, खाब दहाच्या आत मागे टाका, वळणं अकरा ते दोनच्या दरम्यान चढा आणि चारनंतर सावलीतल्या वळणांवर असू नका. ताज्या बर्फानंतर एक कोरडा, उन्हाचा दिवस जाऊ द्या. ‘आज निघालो नाही तर पॅकेजचा दिवस वाया’ असं म्हणणाऱ्याच्या गाडीत बसू नका.

स्वतःची गाडी नेऊ नका, हे माझं ठाम मत. नेणारच असाल तर साखळ्या ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्यांनाच लावा, बहुतेक हॅचबॅकना पुढच्या. अडकल्यावर नाही, बर्फाच्या आधी सपाटीवर लावा. शे-दोनशे मीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळा, कारण पहिल्या फेऱ्यांतच त्या ढिल्या होतात आणि सुटलेला दुवा ब्रेकची नळी फोडतो. कोरडं डांबर आलं की काढा. रात्री हँडब्रेक ओढू नका, तो गोठतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांखाली दगड लावा. पिओखालच्या पोवारीचा पंप सोडला की पुढचा काझातच, तेव्हा टाकी तिथेच भरा. याहून सोपं म्हणजे एचआरटीसीची, म्हणजे हिमाचलची सरकारी, पिओ-काझा बस. चालकाला प्रत्येक वळण पाठ असतं आणि रस्ता बंद असेल तर बस सुटतच नाही. वायफळ धाडसाला तिथे वाव नाही.

मुक्कामाची जागा निवडतानाही हेच घोळ होतात. बरेच जण पिओहून थेट नाकोला (३,६६० मीटर) झोपतात आणि पहाटे डोकं धरून बसतात. त्यापेक्षा कल्पाला (सुमारे २,९६० मीटर) दोन रात्री काढा, मग नाको ओलांडून ताबोला (३,२८० मीटर) उतरा, तिथे दोन रात्री, मग काझा (सुमारे ३,६५० मीटर) आणि शेवटी किब्बर (सुमारे ४,२०० मीटर). तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा नियम हिवाळ्यात दुप्पट कडक पाळा, कारण खाली उतरायचा रस्ताच बंद असू शकतो. ॲसिटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, पण डॉक्टरांना विचारून. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. किब्बरला उलट्या सुरू झाल्या किंवा तोल जायला लागला तर सकाळची वाट न बघता काझाला उतरा. सामुदायिक आरोग्य केंद्र तिथे आहे. हेलिकॉप्टर येईल या भरवशावर कुणी राहू नये.

ताबोचं ९९६ सालचं गोम्पा (बौद्ध मठ), धनकर वगैरेंबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. बघून घ्या, त्रास काही नाही.

आता घर. हिवाळ्यात स्पितीचं कुटुंब एका खोलीत आकसतं. मधे बुखारी, कडेने गाद्या, तिथेच स्वयंपाक आणि तिथेच झोप. जाहिरातीतली ‘स्वतंत्र खोली’ म्हणजे वरची न तापणारी खोली. बाहेर रात्री उणे वीस-पंचवीस असताना तिथे उशाची पाण्याची बाटली सकाळी दगड झालेली असते. म्हणून घराशी बोलताना पहिला प्रश्न हाच विचारा: ‘बुखारीच्या खोलीत झोपायला जागा आहे का?’ हो म्हणाले तर बाकी सगळं जमेल. स्वतंत्र खोलीत बुखारी लावून मागणं म्हणजे घराचं जळण दुपटीने संपवणं. इथे झाडं जवळजवळ नाहीतच. लाकूड खालून ट्रकने येतं, बर्फाआधी रचून ठेवावं लागतं आणि बाकी भिस्त गोवऱ्यांवर. फेब्रुवारीत संपलं तर पैसे देऊनही मिळत नाही.

बुखारीबद्दल एक गोष्ट घरच्यांनी आणि पाहुण्यांनी दोघांनीही पक्की लक्षात ठेवावी. नळीत काजळी साठली की धूर खोलीत परततो. आठवड्यातून एकदा, बुखारी थंड असताना, नळी उतरवून झटकायची. खिडकीची दोन बोटं फट रात्रभर उघडी ठेवायची. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याची डोकेदुखी विरळ हवेच्या डोकेदुखीसारखीच असते, म्हणून लोक गोळी घेऊन झोपतात. खोलीतल्या दोघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं तर आधी बाहेर पडा.

संडास कोरडा असतो. वरच्या मजल्यावर फरशीत चौकोनी भोक, कोपऱ्यात माती, सुकं शेण आणि राखेचा ढीग, त्यात खोचलेलं फावडं. झालं की एक फावडं भरून टाकायचं. खालच्या खोलीत साठलेलं खत वसंतात जव आणि मटाराच्या शेतात जातं. त्यामुळे भोकात पाणी ओतायचं नाही, ते गोठतं आणि खत बिघडतं. ओले टिश्यू आणि सॅनिटरी पॅड तर अजिबात नाहीत. ते काळ्या पिशवीत भरून परत न्या. मटार हे इथलं नगदी पीक आहे, आणि तुमचं प्लास्टिक निवडून काढायला उन्हाळ्यात त्याच घरातली बाई हात घालते. पाहुण्याने करता येणारा हा सगळ्यात मोठा अपमान आहे, आणि तो जवळजवळ प्रत्येक घरात झालेला आहे.

पाण्याचंही तेच. नळ गोठतात, पाणी झऱ्यावरून किंवा हापशावरून कॅनने येतं. आंघोळ विसरा. आठवड्याला एक बादली मिळाली तर आभार माना आणि पुढच्या वेळचे दोन कॅन स्वतः वाहून आणा.

कामाचं बोलायचं तर रोज ठरलेल्या वेळी ऑनलाइन बसावं लागत असेल तर काझाच्या वर जाऊ नका. खाली सुमदोजवळच्या ग्यू गावातसुद्धा मोबाइलची रेंज आली तीच मुळी एप्रिल २०२४ मध्ये. किब्बरला आज असलेलं नेटवर्क उद्याच्या बर्फात जातं, सोबत वीजही. फोन आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा, थंडीत बॅटरी बसते. रोख रक्कम पिओतूनच घ्या. नेटवर्क नसलं की यूपीआयही नाही.

‘स्वयंसेवक म्हणून शाळेत शिकवा, राहणं मोफत’ ही दुसरी फसवी जाहिरात. हिमाचलच्या बर्फाळ भागातल्या शाळांना जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हिवाळी सुट्टी असते. शिकवणार कुणाला? हातभार लावायची खरी इच्छा असेल तर वसंतात कूल (शेताला पाणी नेणारे पाट) साफ करायला किंवा ऑगस्टच्या आसपास मटार तोडणीला जा. तेव्हा प्रत्येक घराला माणूस हवा असतो.

पैशांबद्दल राग आहे आणि तो लपवत नाही. हिमबिबट्याच्या नावाने पन्नास हजारांच्या पुढची पॅकेजं विकली जातात आणि ज्या घरात माणूस राहतो, जेवतो, बुखारीपाशी बसतो, त्याला दिवसाचे साधारण बाराशे-पंधराशे टेकवले जातात. आमच्या पॅकेजवाल्याने तर बुखारीचे पैसे आमच्याकडून घेतले होते आणि घरापर्यंत ते पोहोचलेच नव्हते. सरळ घराशी बोला आणि तीन हिशेब वेगळे ठेवा: राहणं-जेवण, जळण, आणि डोंगरावर नेणारा गावातला माणूस. दर आठवड्याला रोखीने द्या. एकदम महिन्याचे दिले तर रस्ता बंद पडून लवकर निघावं लागल्यावर घरालाही अवघड जातं. घासाघीस करू नका. पिओहून कोबी, टोमॅटो, सफरचंदं न्या. फेब्रुवारीत बटाटे, सलगम आणि सुकवलेल्या भाज्यांवर चाललेल्या घरात त्याची किंमत फार मोठी असते.

गावांकडूनही एक अपेक्षा आहे. स्पितीतल्याच डेमुल गावात पाहुणे घराघरांत पाळीने वाटले जातात, त्यामुळे रस्त्यालगतच्या दोन घरांचीच चांदी होत नाही. किब्बर-लांगझासारख्या गावांनी हिवाळ्यापुरती तरी ही पद्धत उचलावी, घरामागे दोनच पाहुणे ठेवावेत आणि मुक्कामाचे दर गावच्या महिला मंडळाच्या दारावर रंगवून टाकावेत. दर असे उघड लिहिलेले असले की मधल्या दलालाला बोलायला जागाच राहत नाही.

पहिलाच हिवाळा असेल तर ताबो निवडा: उंची कमी, ऊन भरपूर, हमरस्त्यावर. बिबट्यासाठी किब्बर. पिन खोऱ्यातल्या मुद गावाला हिवाळ्यात नवख्याने जाऊ नये, हिमस्खलनाने रस्ता तुटला की माणूस आत अडकतो. परतीचं विमान चंदीगडहून काढताना काझा सोडण्याच्या तारखेनंतर किमान पाच दिवस मोकळे ठेवा आणि तिकीट तारीख बदलता येणारंच घ्या.