सहावा सिलेंडर

इंजिनाच्या ब्लॉकच्या आतली पाण्याची नळी बाहेर आली ती तीन तुकड्यांत. पहिला वीतभर, दुसरा त्याहून आखूड, आणि तिसरा म्हणजे नुसती गंजाची खपली. बोटांत धरली तशी चुरली. मागच्या दोन सिलेंडरांपाशी नळी नव्हतीच. तिच्या जागी गाळ होता, ओल्या विटेच्या चुऱ्यासारखा, आणि तो वेल्श प्लगच्या (ब्लॉकच्या बाजूला ठोकलेल्या पत्र्याच्या बुचांच्या) भोकांतून वाकवलेल्या तारेने कोरून काढताना निम्मी बादली भरली.

गाडी फार्गो पिकअप, १९५०च्या दशकातली. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या जायच्या, त्या काळातली. इंजिन फ्लॅटहेड (वॉल्व्ह वरच्या झाकणात, म्हणजे हेडमध्ये, नसून ब्लॉकमध्ये), सहा सिलेंडर, २३० घनइंच: सव्वातीन इंच बोअर (सिलेंडरचा व्यास) आणि चार इंच पाच सूत स्ट्रोक (पिस्टनची चाल; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मालक वसईचे. आजोबांनी याच गाडीतून केळी दादरला आणलेली, म्हणून गाडी विकायची नाही, एवढं पक्कं. बाकी मागणी नेहमीचीच : "दम वाढवा, आणि ॲव्हरेजही वाढवा." गाडी लिटरला साडेपाच किलोमीटर देत होती आणि उड्डाणपुलावर दुसऱ्या गिअरशिवाय चढत नव्हती.

आधीच्या दोन गॅरेजांनी त्यांना डिझेल इंजिन बसवायचा सल्ला दिला होता. हा सल्ला देणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो, की आरसी बुकावर इंजिन बदलायची परवानगी कोण आणणार? शिवाय २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो तो गाडी मूळ रूपात असेल तर. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केला की तो हक्क गेला. म्हणजे जे काही करायचं ते याच ओतीव लोखंडात.

खोलण्याआधीची तपासणी. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरात हवा दाबली जाते तो दाब : एक ते चार ८५ ते ९५ पीएसआय, पाचवा ६०, सहावा ४०. स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं. पहिले चार ११०च्या पुढे गेले, म्हणजे तिथे पिस्टनच्या रिंगा गेलेल्या. सहावा चाळीसचा पंचेचाळीस झाला. ऑइल घालून फरक पडत नसेल तर दोष वॉल्व्हमध्ये. व्हॅक्यूम गेजची (इंजिन हवा किती जोराने ओढतं ते दाखवणाऱ्या) सुई पंधराला आणि दर फेऱ्याला एक झटका; तीही वॉल्व्हचीच खूण. इन्फ्रारेड गनने हेडचं तापमान घेतलं : पहिल्या सिलेंडरवर ७६ अंश, सहाव्यावर १०७. डॅशबोर्डवरचा काटा मात्र मधोमध, कारण तो एकाच जागचं पाणी मोजतो. काटा मधोमध आहे म्हणून गाडी निवांत हाकणाऱ्यांची इंजिनं मागून जळतात.

या इंजिनात वॉटर पंपामागून ब्लॉकच्या आत एक लांब पत्र्याची नळी जाते. तिला जागोजागी खाचा असतात आणि त्यांतून पाणी थेट एक्झॉस्ट वॉल्व्हच्या सीटांपाशी (वॉल्व्ह बसतात त्या जागांपाशी) पडतं. फ्लॅटहेडमध्ये वॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्याने सगळी जळती हवा ब्लॉकमधूनच बाहेर पडते. हेडवरच्या वॉल्व्हच्या इंजिनापेक्षा इथे पाण्याचं काम जड. नळी कुजली की पंपाचं पाणी पुढच्या दोन-तीन सिलेंडरांना शिवून वर हेडमध्ये पळतं आणि मागचे कोरडे उकळतात. सहाव्याचा एक्झॉस्ट वॉल्व्ह काढला तेव्हा त्याच्या कडेला नखाएवढा तुकडा उडालेला.

नळी काढायला रेडिएटर आणि पंप दोन्ही उतरवावे लागतात. म्हणून ती कोणी काढत नाही. हेड उतरवतात, वॉल्व्ह घासतात, रिंगा टाकतात आणि बिल लावतात. वर्षाने सहावा पुन्हा जळतो. या इंजिनावर आधी दोनदा काम झालेलं होतं. दोन्ही वेळा वॉल्व्ह बदलले होते आणि दोन्ही वेळा नळीला हात लावलेला नव्हता.

नवी नळी आम्ही इथेच केली. वीस गेजचा पितळी पत्रा, लाकडी साच्यावर वाकवून, सांध्याला चांदीचा डाग. खाचांची मापं जुन्या दोन तुकड्यांवरून घेतली, पण शेवटच्या तिसऱ्या हिश्श्याचा नमुनाच नव्हता. तिथल्या खाचा ब्लॉकमधल्या सीटांची अंतरं मोजून अंदाजाने कापल्या आणि पाचव्या-सहाव्याच्या दीड सूत रुंद ठेवल्या. हा निर्णय माझा. याच्याकडे पुढे यावं लागेल.

बोअरचं काम थोडक्यात सांगतो. बोअर तीस थाऊ मोठा केला तरी झीज निघाली असती (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पण पिस्टन मिळाले ते साठ थाऊ मोठे. बोअरिंगवाल्याला पिस्टन हातात दिल्याशिवाय ब्लॉक द्यायचा नाही. सहाच्या सहा पिस्टनांवर नंबर टाकायचे, प्रत्येक मोजून त्याचा बोअर वेगळा काढायचा. 'सगळे सारखेच असतात हो' असं जो म्हणतो त्याच्याकडून ब्लॉक परत आणायचा; मी आणला. रिंगेचा गॅप बोअरच्या दर इंचाला चार थाऊ, म्हणजे इथे तेरा. क्रँकवरून कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणारी टायमिंग चेन हाताने दाबल्यावर अर्धा इंच खाली जात होती. सैल चेनमुळे कॅमशाफ्ट मागे पडतो, इनलेट उशिरा बंद होतो आणि कमी आरपीएमवर आत घेतलेली हवा परत बाहेर ढकलली जाते. दम जातो तो असा. चेन आणि दोन्ही चक्रं नवी.

आता हेड. इथे हिशेब सगळ्यांनी करावा, कारण करत कोणीच नाही. मूळ बोअरला एका सिलेंडरचं माप ६२९ सीसी. पर्स्पेक्सचा तुकडा आणि ब्युरेटमधलं रॉकेल वापरून चेंबर मोजला. गॅस्केट आणि पिस्टनच्या वरची जागा धरून १०८ सीसी. म्हणजे कॉम्प्रेशन रेशो (सिलेंडरातलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ६.८. साठ थाऊ बोअर वाढल्यावर सिलेंडर ६५२ सीसीचा झाला आणि हेडला हात न लावता रेशो ७ झाला. रीबोअरने इंजिन थोडं मोठं होतं हे सगळ्यांना कळतं, रेशोही चढतो हे लक्षात येत नाही. हेडच्या तोंडावरून ५० थाऊ काढल्यावर चेंबर ९८ सीसी आणि रेशो ७.६५. आणखी घेता आलं असतं, पण फ्लॅटहेडमध्ये मिश्रण वॉल्व्हपासून सिलेंडरकडे त्याच बुटक्या चेंबरातून आडवं जातं. हेड जास्त कापलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि गळा आवळला जातो. वॉल्व्ह हेडला लागतोय का ते पाहायला वॉल्व्हवर कणकेची गोळी ठेवायची, जुनी गॅस्केट घालून हेड आवळायचं, दोन फेरे हाताने फिरवायचे आणि दबलेली कणीक कापून मोजायची. सगळ्यात पातळ जागी ७० थाऊ निघाली. मी साठाच्या खाली जात नाही.

हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, शेवटी ६५ ते ७० फूट-पाउंड. काही बोल्टांची भोकं पाण्यात उतरतात. त्यांच्या आट्यांना सीलंट लावलं नाही तर पाणी बोल्टावरून चढून वर येतं आणि लोक गॅस्केटला शिव्या देतात. इंजिन गरम करून, गार करून पुन्हा आवळायचे.

कॅमशाफ्ट मूळचाच ठेवला. मालकांना कोणीतरी 'रेसिंग कॅम' सांगितला होता. चार मेन बेअरिंगांचा लांब स्ट्रोकचा क्रँक साडेतीन हजार आरपीएमपुढे न्यायचाच नाही. जो कॅम तिथे ताकद देतो तो दीड हजारावरची ओढ खातो, आणि भरलेली पिकअप दीड हजारावरच ओढावी लागते.

डेल्कोवर, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर, एक अख्खा दिवस गेला आणि तो सत्कारणी लागला. शाफ्टच्या बुशात आठ थाऊचा खेळ होता, म्हणजे पॉइंटचा गॅप प्रत्येक सिलेंडरला वेगळा. व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (हलक्या पायाने चालवताना ठिणगी आधी पाडणारा) डायफ्राम फाटलेला. नळी तोंडाने ओढून पाहिली की पाच सेकंदांत कळतं. तो फाटका असला तर हलक्या पायाने चालवतानाचं ॲडव्हान्स मिळत नाही आणि ॲव्हरेज तिथेच जातं. बुश नवे, डायफ्राम नवा. वेगाप्रमाणे ठिणगी आधी आणणाऱ्या वजनांच्या दोन स्प्रिंगांपैकी एक ताणलेली होती. ती बदलली नसती तर नव्या कॉम्प्रेशनवर घाटात नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून होणारी ठकठक) झालं असतं.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप, गाडीत नव्हताच. 'मुंबईत कशाला पाहिजे' म्हणून काढून टाकतात. मग सपाट रस्त्यावर इंजिन पंचावन्न-साठ अंशांवर चालतं, पेट्रोलची वाफ नीट होत नाही, ते भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि बोअर झिजतो. मागचे सिलेंडर जळत असताना पुढचे थंडीने झिजत होते, एकाच ब्लॉकमध्ये. ७१ अंशांवर उघडणारा बसवला. ऐकायला विचित्र वाटेल, पण ॲव्हरेजसाठी केलेल्या कामांत हे सगळ्यात स्वस्त.

मॅनिफोल्डमधली (हवा आणि धुराच्या वाटांच्या ओतकामातली) हीट रायझरची झडप, जी धुराची धग इनलेटकडे वळवते, गंजून अर्धी बंद होती आणि सायलेन्सरकडे जाणारा धूर तिथेच तुंबत होता. ती सोडवून उघडी बांधली. मुंबईला थंडी नाही, तरी मॅनिफोल्डला थोडी धग लागतेच, म्हणून झडपेची वाट पत्र्याने बंद केली नाही.

पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकावर) मिश्रण साधारण आठ टक्के पातळ पडतं. जेटच्या भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्के वाढवायचं तर व्यास चार टक्के वाढवावा लागतो. नंबराच्या भाषेत १२५चा १३०. ड्रिल मारून जेट मोठा करणाऱ्यांनी निदान रीमर वापरावा; ड्रिलने भोक अंडाकृती होतं. रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणारे घेतले. त्याचा फायदा एवढाच की हे पेट्रोल नॉकिंगला जास्त दाद देत नाही, आणि ७.६५ रेशो त्याला जड नाही.

इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. मग मालक एक पिशवी घेऊन आले. आत ॲम्बॅसडरचे दोन सोलेक्स कार्ब्युरेटर, वर क्रोमचे एअर क्लीनर, आणि कुठल्यातरी फॅब्रिकेटरने वेल्ड केलेला इनलेट मॅनिफोल्ड.

"साहेब, खर्च मी केलाय, बसवून द्या."

तत्त्वतः कल्पना वेडी नाही. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. पुढचे तीन आणि मागचे तीन आळीपाळीने पेटतात, म्हणून एक कार्ब्युरेटर पुढच्या तिघांना आणि एक मागच्या तिघांना दिला तर दोघांचाही ताल समान राहतो. पण हा मॅनिफोल्ड वेल्डिंगने वाकलेला. पट्टी धरली तर मधे १८ थाऊ फट. तो सरफेसिंग करून (तोंड सपाट करून) न घेता बसवला असता तर मधल्या सिलेंडरांनी फुकटची हवा ओढली असती.

बसवण्याआधी अट घातली की आधी जुन्या एकाच कार्ब्युरेटरवर चाचणी होईल. टॉप गिअरमध्ये २५ ते ५० किलोमीटर वेग घ्यायला काम करण्याआधी २१ सेकंद लागले होते. काम झाल्यावर, एकाच कार्ब्युरेटरवर, १४. बाटलीतून मोजून दिलेल्या पेट्रोलवर लिटरला साडेसात. खोपोलीहून बोर घाट तिसऱ्या गिअरमध्ये, एकदाही न अडखळता. कॉम्प्रेशन सहाही सिलेंडरांत १२६ ते १३२.

मग दोन सोलेक्स. दोन्हींचा श्वास सारखा करायला रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून फुसकाऱ्याचा आवाज जुळवायचा. त्यात दीड तास. निकाल १३.२ सेकंद आणि लिटरला ६.९. म्हणजे जवळजवळ एक सेकंद मिळाला आणि अर्ध्याहून जास्त किलोमीटर गेला.

मालक खूश आहेत. बॉनेट उघडून सगळ्यांना क्रोम दाखवतात आणि म्हणतात, बघा, दोन कार्ब्युरेटर टाकल्यावर गाडी कशी उठली. २१चे १४ कशाने झाले ते मी आकडे लिहून कागदावर दिलं होतं. कागद डॅशबोर्डच्या खणात आहे. जुना कार्ब्युरेटर माझ्या बाकाखाली खोक्यात. तो परत बसवायला अर्धा दिवस पुरे, पण त्यांनी विचारलेलं नाही.

मला मात्र ती नळी सोडत नाही. घाटमाथ्यावर थांबून लगेच गन लावली तेव्हा पहिला ८२, चौथा ८४, पाचवा ८६, सहावा ९१. १०७च्या मानाने उत्तमच. पण शेवटच्या खाचा दीड सूत ठेवल्या त्या अंदाजाने; त्या फार रुंद झाल्या असतील तर पाचव्यापाशीच जास्त पाणी सुटून सहाव्याला कमी पडत असेल, आणि अरुंद असतील तर दोघांनाही थोडं कमी. किंवा तारेला न लागलेला गाळ अजून त्या कोपऱ्यात असेल. नऊ अंशांचा फरक कारखान्यातून निघालेल्या इंजिनातही असायचा का, हे सांगणारा आकडा कुठल्या पुस्तकात सापडला नाही. सहाव्याच्या एक्झॉस्ट वॉल्व्हला टॅपेटपाशी पुस्तकापेक्षा दोन थाऊ जास्त फट सोडली, तेवढीच सावधगिरी. हजार किलोमीटरनंतर गाडी आली, प्लग काढून बाकावर ओळीने ठेवले. तपकिरी म्हणजे ठीक, पांढरा म्हणजे जास्त गरम. पाच तपकिरी. सहावा एक छटा पांढरा.